डॉक्टर सोडावा कसा?

आमच्या पोर्ट हॅरलनमध्ये एखाद्याने बायको सोडली तर गाव आठवडाभर बोलतं. चर्च सोडलं तर महिनाभर बोलतं. डॉक्टर सोडला तर किती बोलतं, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी सोडलाच नव्हता. एक तर डॉक्टर वर जायचा, नाहीतर पेशंट. हा सरळसोट व्यवहार मोडण्याचा मान माझ्या वाट्याला आला. खरं सांगतो, मी क्रांतिकारक वगैरे काही नाही. मी शाळेत बँड शिकवायचो.

माझ्या छातीत काहीतरी बिनसलंय हे मला त्या बँडमुळेच कळलं. दुपारी जेवून डाव्या कुशीवर आडवा झालो की उशीतून स्वतःचा ठोका ऐकू येतो. सामान्य माणूस त्याकडे लक्ष देत नाही. मी मात्र जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांवर "मात्रा गाळू नका!" म्हणून खेकसलेला माणूस. एक दिवस ऐकतो तो काय, धप् धप् धप्, मग काही नाही, आणि मग चुकलेल्या विद्यार्थ्याने घाईघाईने भरपाई करावी तसं धप्धप्! सगळ्या वर्गाला सुधारून झालं होतं, आणि घरचाच ढोलवाला कच्चा निघाला होता.

म्हणून डॉ. एल्डन प्रूइटकडे गेलो. एल्डन हा माझा डॉक्टर. आमच्या लग्नाआधीपासूनचा डॉक्टर आणि त्याहून जुना मित्र. शिवाय निवृत्त नागरिकांचा जो बँड मी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये चालवतो, त्यातला एकुलता एक कॉर्नेटवाला, म्हणजे छोटा ट्रंपेट वाजवणारा. एल्डनने मला टेबलावर बसवलं, नळीचं गोल टोक छातीला लावलं, डोळे मिटले, बराच वेळ मान डोलावली आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास! कवायतीच्या मार्चसारखं चाललंय."

मी नीट पाहिलं. नळीची कानात घालायची टोकं त्याच्या गळ्यात लोंबत होती. माझ्या हृदयाचा तो अहवाल त्याने शर्टाच्या कॉलरने ऐकून दिला होता.

घरी आलो तेव्हा मर्ना ईस्टरसाठी अक्रोडाचं सारण भरून गुंडाळ्या लाटत होती. मर्ना म्हणजे माझी बायको. तिला सगळं सांगितलं. तिचं लाटणं मधेच थांबलं.

"त्याने कानात घातलीच नव्हती?"

"नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"थँक यू म्हणालो."

"घरात मीठ कमी पडलं तर तुझा आवाज धक्क्यापर्यंत जातो, आणि तिथे थँक यू?"

"अगं, एल्डन आहे तो! त्याला काय सांगू, तू बहिरा झालायस? डॉक्टरला बहिरा म्हणणं म्हणजे कॅप्टनला आंधळा म्हणण्यासारखं आहे. उद्या दवाखाना बंद करावा लागेल त्याला."

"मग सांगू नकोस. गुपचूप डॉक्टर बदल."

"डॉक्टर बदलायला तो काय मोजा आहे?"

"मोजे तरी तू कुठे बदलतोस!" असं म्हणून मर्नाने विषय आणि गुंडाळी दोन्ही बंद केलं.

आता हे संभाषण आमच्या स्वयंपाकघरात झालं. पण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बर्नीस हाल्पिनच्या घरासमोर उघडते, आणि बर्नीस मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत पायरीवरच बसलेली असते. ती ताबडतोब आली. आमच्या गल्लीत म्हातारपणीच्या विम्याबाबत शेवटचा शब्द बर्नीसचा. विम्याचे एजंट म्हाताऱ्यांना हॉटेलात बोलावून फुकट जेवण घालतात आणि जेवताजेवता योजना समजावतात. बर्नीस असं एकही जेवण सोडत नाही. तिने अजून एकही योजना घेतलेली नाही, पण चिकन पॉट पाय कुठल्या कंपनीचा चांगला हे ती झोपेतही सांगेल.

"हे बघ क्लेम," ती खुर्ची ओढून म्हणाली, "तुझ्या योजनेत एक मुख्य डॉक्टर असतो. त्याचं नाव तुझ्या कार्डावर छापलेलं असतं. तो म्हणजे एकत्र कुटुंबातली सासू. तिला विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही. हृदयवाल्याकडे जायचं, विचार सासूला. गुडघेवाल्याकडे जायचं, विचार सासूला."

"आणि सासू बदलायची असेल तर?"

"एक फोन! फक्त एक फोन! फुकट असतं ते."

फुकट हा शब्द बर्नीस असा उच्चारते की ऐकणाऱ्याला ढेकर यावा.

कुंपणापलीकडून ड्वेन स्टकीचं डोकं वर आलं. हा आमचा शेजारी. "डॉक्टरबिक्टर सोड रे," तो म्हणाला. "सफरचंदाचं व्हिनेगर. सकाळी उठल्याउठल्या घोटभर. मी वर्षानुवर्षं डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही." ड्वेनचं स्वतःचं तोंड पाहिलं की व्हिनेगर रोज घेतल्याची खात्री पटते.

दुसऱ्या दिवशी मी तो 'फक्त एक फोन' केला. विमा कंपनीचं नाव गोल्डन ओरिओल. फोन उचलला एका यंत्राने. गोड बायकी आवाजात ते म्हणालं, "आपण कशासाठी फोन केलात ते थोडक्यात सांगा."

"डॉक्टर बदलायचाय," मी म्हणालो.

"आपण म्हणालात, दात बसवायचाय. बरोबर?"

"नाही! डॉक्टर! बदल!"

"आपण म्हणालात, डायपर. बरोबर?"

माझा आवाज शाळेच्या मैदानावर मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. तोच आवाज आता यंत्राच्या मते डायपर मागत होता. मी पुन्हा सांगितलं, शब्द तोडून सांगितलं, सुरात सांगितलं. यंत्राने मला चाकांची खुर्ची, शववाहिका आणि पुन्हा एकदा दात देऊ केले. शेवटी मर्नाने फोन हिसकावला आणि चर्चमध्ये बोलावं तशा हळू आवाजात दोन शब्द बोलली. यंत्राने तिला आदराने जिवंत माणसाकडे पाठवलं.

ते जिवंत माणूस म्हणजे ब्रिअ‍ॅना नावाची एक मुलगी. "हाय क्लेमेंट! कसा आहेस, राजा?"

इथे थोडं थांबून सांगतो. या गावात मला क्लेमेंट म्हणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकी पोलिसापासून पाद्र्यापर्यंत सगळे मला व्राबेल सर म्हणतात, कारण कधीतरी प्रत्येकाने माझ्यापुढे बेसूर वाजवलेलं आहे. पण अडला हरी! मी कामाचं बोललो.

"मला नवा मुख्य डॉक्टर हवाय. घराजवळचा. आणि ज्याचे कान चांगले आहेत असा."

"कानाचा डॉक्टर? तो स्पेशालिस्ट झाला, सोन्या. त्यासाठी आधी मुख्य डॉक्टर लागतो."

"कानाचा नको! कान त्याचे स्वतःचे चांगले हवेत!"

मग तिने लहान मुलाला समजवावं तशा सुरात सांगितलं, "क्लेमेंट, मी तुला एक खूप प्रेमळ डॉक्टर शोधून देते. नवे पेशंट घेतात, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. डॉ. लाइल फेनस्टरमाकर. चालेल?"

मी म्हणालो, चालेल. माणसाने चालेल म्हणण्यापूर्वी विचार करावा.

नवं कार्ड आलं. मी दाढी केली, टाय बांधला आणि फेनस्टरमाकरकडे गेलो. दारात हसरा जिराफ रंगवलेला होता. म्हटलं, असेल एखाद्याला आवड. आत भिंतभर माशांची टाकी, जमिनीवर ठोकळे, आणि बसायला नारिंगी प्लास्टिकच्या वीतभर खुर्च्या. उभं राहिलं की छाती धडधडत होती, म्हणून मी एका खुर्चीत बसलो. म्हणजे गुडघे कानांपर्यंत आले आणि उरलेला मी त्यात अडकलो.

काउंटरवरची बाई म्हणाली, "मूल कुठंय?"

"कोणतं मूल?"

तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. "क्लेमेंट. पहिल्यांदाच येतोय. क्लेमेंटला घेऊन आलायत ना?"

उत्तर द्यायला मी ताडकन उठलो. खुर्चीही माझ्याबरोबर उठली. तशाच अवस्थेत, मागे नारिंगी खुर्ची घेऊन, मी जमेल तितक्या भारदस्तपणे म्हणालो, "क्लेमेंट मीच."

समोर एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने चमकून वर पाहिलं. "अगंबाई, व्राबेल सर! मी कोरीन. क्लॅरिनेट!" मग तिची नजर खुर्चीवर गेली, टायवर गेली आणि शेवटी माझ्या डोळ्यांवर येऊन फारच मायेने थांबली. "सर, कुणाला बोलवू का? मर्ना मॅडम घरी आहेत ना?"

डॉ. फेनस्टरमाकर खरंच प्रेमळ निघाले. त्यांनी आणि कोरीनने मिळून मला खुर्चीतून सोडवलं. कंपनीच्या कॉम्प्युटरने माझ्या जन्मसालात काय गडबड केली असेल ते त्यांनी समजावून सांगितलं, आणि निरोप देताना सवयीने माझ्या कोटावर चांदणीचं स्टिकर लावलं. ते घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. वाटेत भेटलेल्या सगळ्यांच्या आलं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की व्राबेल सर भ्रमिष्ट झाले. आमच्याकडे कुणाच्या घरात दुःख आलं की लोक बोलत नाहीत, भाजलेल्या शेवयांचं चीज घातलेलं भांडं आणून देतात. रात्र पडायच्या आत आमच्या ओट्यावर तशी चार भांडी जमली. एकावर कोरीनच्या आईची चिठ्ठी होती, 'खंबीर राहा, मर्ना.' पाद्रीबाबांचाही फोन आला. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी चिडून चुकीचा सांगितला. झालं, आणखी दोन भांडी आली.

त्या शुक्रवारी स्लोव्हाक क्लबात माशांचं जेवण होतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी असतं. मी आणि एल्डन नेहमी एकाच टेबलावर बसतो. बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी, परतलेला कोबी, तळलेला पर्च मासा. एल्डनने काटा खाली ठेवला आणि त्याच्या मते हळू, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "क्लेम, तू म्हणे पोरांच्या दवाखान्यात गेला होतास?"

सगळा क्लब चावायचा थांबला.

"हो," मी म्हणालो. "तिथे... पोरांना ढोल शिकवणार आहे मी."

"गोल?"

"ढोल!"

"छान, छान! म्हाताऱ्याने काहीतरी उद्योग केला पाहिजे," एल्डन म्हणाला आणि स्वतःच्या ताटातला मोठा मासा उचलून माझ्या ताटात ठेवला.

मर्नाने आता सूत्रं हातात घेतली. तिने गोल्डन ओरिओलला फोन केला, हळू आवाजात सगळं निस्तरलं आणि पुस्तकातून स्वतः डॉक्टर निवडला. डॉ. एम. क्विंटेरो, मोठ्यांचे, नवे पेशंट घेणारे. नवं कार्डही बरोबर आलं. मी क्विंटेरोंच्या दवाखान्यात फोन लावला.

"पहिली मोकळी वेळ सप्टेंबरमध्ये," तिथला माणूस म्हणाला.

"आत्ता तर एप्रिल आहे!"

"हो ना. तुमचं नशीब, एकाने रद्द केली म्हणून सप्टेंबर. नाहीतर नाताळ. आणि काळजी करू नका, तुमची सगळी कागदपत्रं आम्हीच मागवतो तुमच्या जुन्या डॉक्टरांकडून. हा बघा, आत्ताच फॅक्स केला."

मी फोन ठेवला आणि टोपी उचलली.

एल्डनच्या दवाखान्यात फॅक्सयंत्र त्याची बहीण अ‍ॅडेलिन सांभाळते. आमच्या बँडमध्ये ती बासरी वाजवते. बाई सोन्यासारखी, पण भाऊ बहिरा होत गेला तसा तिचा आवाज वाढत गेला, आणि आता तो तिलाही आवरत नाही. कुणाला मूळव्याध आहे, कुणाची बद्धकोष्ठता सुटली, हे त्या दवाखान्याच्या बाकांवर बसून सहज कळतं. मला तो कागद तिच्याआधी गाठायचा होता. मी जवळजवळ पळतच गेलो. छातीतला ढोलवाला तेवढ्यात दोनदा काठ्या टाकून बसला आणि पुन्हा उचलून वाजवू लागला.

बाहेरची खोली भरलेली होती. कोपऱ्यात एकजण मासेमारीचं मासिक तोंडासमोर उलटं धरून बसला होता. खाली व्हिनेगरवाल्या ड्वेन स्टकीचे बूट दिसत होते. मी ओळख दाखवली नाही. दोन पापी माणसांनी एकमेकांना एवढी सवलत द्यावी. अ‍ॅडेलिन जागेवर नव्हती, तिच्यामागे फॅक्सयंत्र घरघरत होतं आणि त्याच्या तोंडातून कागद अर्धा बाहेर आला होता. मी काउंटरवरून हात लांबवला. बोटं टेकणार, एवढ्यात आतल्या दारातून एल्डन आला.

"क्लेम! काय झालं रे?"

"घसा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"ये आत."

त्याने दार लावून घेतलं. मला टेबलावर बसवलं, घसा पाहिला, जीभ पाहिली, मग माझं मनगट हातात घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. तो तलावावरच्या पर्च माशांबद्दल काहीबाही बोलत होता, पण बोटं मनगटावरच. मी दाराकडे कान लावून बसलो होतो. मग त्याने नळी काढली, या वेळी नीट कानांत घातली, माझ्या पाठीला लावली आणि म्हणाला, "श्वास घे."

मी घेतला.

बाहेरून अ‍ॅडेलिनचा आवाज आला. "एल्डन! एल्डन, हा फॅक्स बघितलास? क्लेम तुला सोडतोय!"

माझा श्वास तिथेच अडकला.

"काय?" एल्डन ओरडला.

"सोडतोय! क्लेम! सोडतोय!"

"सोडू दे ना! मीच सांगितलंय सोडायला!" एल्डन ओरडला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सोड, सोड. आता पुन्हा घे."

बाहेर एवढी शांतता पसरली की माशाच्या मासिकाचं पान उलटलेलं ऐकू आलं.

मला वाटलं वाचलो. मग वाटलं, हे वाचणं कसलं? एल्डनने घशासाठी गोळ्या लिहून दिल्या. मी थँक यू म्हणून निघालो. बाहेरच्या खोलीतून जाताना एकाही माणसाने माझ्याकडे पाहिलं नाही. शाळेत मी वर्गातून जायचो तेव्हा पोरं अशीच खाली बघायची, पण ती धाकाने. अ‍ॅडेलिनने फक्त विचारलं, "पत्ता घरचाच ठेवू ना फायलीवर, की तेही सोडलंयस?" तेही, तिच्या दृष्टीने, कुजबुजून.

त्या आठवड्यात एल्डन सरावाला आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अ‍ॅडेलिन आली, बासरी वाजवून गेली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. म्हणजे गावात कुणाशी तरी अ‍ॅडेलिन बोलत नाही हीच केवढी मोठी घटना! चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीची तयारी, आणि कॉर्नेटची खुर्ची रिकामी. मर्ना म्हणाली, "जा आणि बोल त्याच्याशी." बर्नीस म्हणाली, "भोपळ्याचा गोड पाय भाजून घेऊन जा." ड्वेन कुंपणापलीकडून काहीच म्हणाला नाही. मी रोज उद्या जाईन म्हणत होतो. डॉक्टर सोडता येतो एका फोनवर. मित्राला तोंड द्यायला पाय लागतात, आणि माझे पाय हल्ली जिन्यावरही अडायला लागले होते.

अशात क्विंटेरोंच्या दवाखान्यातून फोन आला. "उद्या सकाळी येऊ शकाल? एका गृहस्थांनी आपली वेळ तुम्हाला द्यायला सांगितलीय."

"कुणी?"

"नाव नाही सांगता येत, सर. पण फोनवर फार ओरडत होते."

मी फोन धरून तसाच उभा राहिलो. मर्नाने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, उद्या सकाळी जायचंय.

सकाळी त्यांनी मला कागदाचा झगा दिला. तो पाठीमागे उघडा असतो. शिवणाऱ्याचं त्यात नेमकं काय साधतं कोण जाणे. मी एका हाताने मागची बाजू सांभाळत टेबलावर बसलो होतो, तोच दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातली एक बुटकी तरुणी आत आली. मला पाहून तिचा चेहरा हसून उजळला.

"व्राबेल सर!"

एम म्हणजे मारिसेला. मारिसेला क्विंटेरो! शाळेत ती ट्युबा वाजवायची. पोरगी एवढीशी आणि ट्युबा एवढा मोठा की मिरवणुकीत लोकांना वाटायचं वाद्य आपल्या पायांनी चाललंय. आणि तिच्यापुढे मी आता कागदात गुंडाळलेला.

"सर, पाठ ताठ. खांदे सैल. पोटातून श्वास," ती म्हणाली. मग हसली. "हे तुम्हीच शिकवलंय."

तिने नळी कानांत घातली. हसू हळूहळू गेलं. ती ऐकत राहिली. पुढून, मागून, पुन्हा पुढून. खोलीत घड्याळ होतं, ते फार नियमित वाजत होतं.

"सर," ती म्हणाली, "मात्रा गळतायत."

"माहितीय मला."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि आत्ता येताय?" तिचा आवाज चढला. मी वर्षानुवर्षं पोरांना त्या आवाजात विचारत आलो होतो. त्याला उत्तर नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी मान खाली घातली.

छातीला तारा लावून तिने कागदाची पट्टी काढली. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथे घोटाळतं, त्याची गाठ होते, आणि ती गाठ डोक्यात गेली तर अर्धांगवायू. "आता गोळ्या सुरू करू आणि याच आठवड्यात हृदयवाल्याकडे पाठवते. बरं झालं सप्टेंबरची वाट नाही पाहिलीत, सर. खूप बरं झालं."

मी कपडे चढवले. गुंड्या पहिल्याच फटक्यात चुकीच्या भोकात गेल्या. आपण घाबरलोय हे मला तेव्हा कळलं. तोवर मी आपला मानापमानातच अडकलो होतो.

एल्डन बंधाऱ्यावर गळ टाकून बसलेला सापडला. आजूबाजूला आणखी काही म्हातारे गळ टाकून बसले होते. मी त्याच्याशेजारी उलट्या बादलीवर बसलो. जे बोलायचं होतं ते हळू बोलण्यासारखं होतं, आणि ओरडून बोलणं भाग होतं.

"तू तुझी वेळ मला का दिलीस?"

"कसली वेळ?"

"एल्डन, त्यांनी सांगितलं, ओरडत होता म्हणून!"

त्याने गळ गुंडाळला. आमिष गेलेलं होतं.

"म्हणजे अ‍ॅडेलिन काय म्हणाली ते तुला ऐकू आलं होतं?" मी ओरडलो.

"ते तलावापलीकडे कॅनडात ऐकू गेलं, गाढवा."

"मग 'सोड, सोड' काय करत होतास?"

"बाहेर सगळं गाव बसलेलं. काय म्हणायचं होतं मी? रडायचं होतं?" त्याने नवं आमिष लावलं. "कान गेलेत माझे. बोटं नाही गेली. तुझं मनगट धरलं तेव्हाच समजलं. मग फॅक्सवर सप्टेंबर वाचलं, हे तोवर थांबणारं नाही."

"पण आधी तर फर्स्ट क्लास म्हणालास!"

"आधी मी ऐकलंच नव्हतं. नळी कानात नव्हे, गळ्यातच होती हे घरी जेवायला गळ्याला रुमाल लावताना कळलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला." तो पाण्याकडे बघत होता. "वाटलं, क्लेमने बघितलं असेल तर तो येईल, चार शिव्या देईल. वाट पाहिली तुझी. तूच मला सांगायला हवं होतं रे, दुसरं कोण सांगणार? आणि तू काय म्हणून गेलास? थँक यू!"

आजूबाजूचे गळ हलायचे थांबले होते. सगळे ऐकत होते. मी मान खाली घालून म्हणालो, "माझ्याच्याने सांगवलं नाही."

"काय?"

"सांगवलं नाही!" मी ओरडलो. दोन पाणपक्षी उडाले.

"हं," तो म्हणाला. मग गळ पुन्हा पाण्यात टाकून म्हणाला, "जुलैत दवाखान्याची पाटी उतरवतोय. अ‍ॅडेलिनला सांगितलंय. म्हणजे गावाला सांगून झालं."

"आणि तुझं काय? तुझी वेळ तर गेली."

"कानांसाठीच घेतली होती ती. आता तुझा सप्टेंबर मी घेतलाय, माझे कान तोवर कुठे जात नाहीत. जायचे तेवढे गेलेत." मग त्याने कोपराने मला ढोसलं. "काय म्हणाली पोरगी? गोळ्या कोणत्या?"

मी खिशातून काढून दाखवल्या. त्याने चष्मा वर करून नाव वाचलं, मान डोलावली. "मीही याच दिल्या असत्या," तो म्हणाला, आणि खूप वेळ ती डबी त्याने परत दिली नाही.

गोळ्या मला मानवल्या. जिना एका दमात चढतो. हृदयवाल्याने आणि मारिसेलाने मिळून ढोलवाल्याला बऱ्यापैकी वठणीवर आणलंय, आणि मी आता मर्नावर पूर्वीसारखा ओरडू शकतो, असं मर्ना म्हणते. ओट्यावरची भांडी घासून ज्याची त्याला पोचवली. ड्वेन मात्र अजून व्हिनेगरची तारीफ करतो, आणि मी ऐकून घेतो.

एल्डनचं सप्टेंबरपर्यंत थांबणं मारिसेलाला मान्य नव्हतं. तिने त्याला मधेच घुसवलं, तपासलं आणि कानात घालायची दोन छोटी यंत्रं मिळवून दिली. चार जुलैच्या आधीच्या सरावाला तो ती घालून आला. दारातच थबकला आणि म्हणाला, "हा पंखा किती आवाज करतो!" सगळे हसले. त्यालाही आमचं हसणं ऐकू आलं, तोही हसला. अ‍ॅडेलिनने डोळे पुसले. मग आपल्या खुर्चीत बसून त्याने कॉर्नेट ओठांना लावलं, मी छडी उचलली आणि मार्च सुरू झाला.

काही ओळी झाल्यावर एल्डनने कॉर्नेट खाली घेतलं. वाजवायचा थांबला आणि नुसता ऐकू लागला. ढोलाकडे पाहिलं. ट्रॉम्बोनकडे पाहिलं. बहिणीच्या बासरीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी छडी थांबवली.

"क्लेम," तो म्हणाला, "आपण हे असं वाजवतो?"

"हो."

"नेहमी?"

"आज जरा बरं वाजलं."

मग त्याने एक यंत्र कानातून काढलं, दुसरं काढलं, दोन्ही रुमालात नीट गुंडाळून खिशात ठेवली, कॉर्नेट उचललं आणि मला मानेने खूण केली.

"चल," तो ओरडला, "पहिल्यापासून!"